शेवग्याला बांधलेली वजनं

माग गेले ते किलोवर गेले.
चार माग, दोन खेपा,
पोपट भंगारवाल्यानं काटा लावला
आणि एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं
की आपला संसार टनात मोजता येतो.

एक पोतं मात्र ह्यांनी दिलं नाही.
"असू दे. लागतंय."
काय लागणार होतं?
चामड्याचे पिकर, पट्ट्याचे तुकडे,
दात पडलेली एक फणी, साखळी,
आणि बीमाला लावायची बिडाची वजनं.
मोरीशेजारी बसून राहिलं पोतं,
गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखं.

मागच्या वर्षी रेणावीच्या घाटाकडनं वारं आलं
आणि शेवग्याचा शेंडा म्हेत्रेबाईंच्या पत्र्यावर.
दसऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत.
शेंगा मात्र त्यांनी त्याच दिवशी तोडून घेतल्या होत्या.

यंदा मी म्हटलं, दोन वासे आणा, आवळून टाकू.
हे खोडाजवळ गेले,
दोन बोटं टेकवली,
ताण्यावर टेकवायचे तशी.
"आवळशील तिथंच मोडंल."
विट्यात चाळीस वर्षं जॉबरकी केली,
पोरांना हेच सांगत आले:
ताणलं की तुटतंय, सोडलं की गुंततंय,
मधलं काय ते हाताला कळतंय.

मग पोतं उघडलं.
खोडाला पट्ट्याचा तुकडा, साल सोलू नये म्हणून.
पट्ट्याला साखळी.
भिंतीतल्या पाइपावर एक जुनं चाक,
चाकावरनं साखळी पलीकडं
आणि तिच्या टोकाला वजनं, लोंबती.
झाड वाकलं की ती वर जाणार,
झाडाला वाटलं परतावं, तर खाली.
पपईला मागाच्या दोन काठ्यांच्या कुबड्या.
लिंबाच्या पुढं फणी उभी केली.
"वारं विंचरून जाईल," म्हणाले,
आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले.

गाठी माझ्या.
कांड्या भरताना सूत तुटलं की मारायची ती गाठ,
तिळाएवढी, फणीतनं न अडता जाणारी.
दोरखंडात ती मुठीएवढी झाली,
ओळखच पटेना आमची एकमेकींना.

शुक्रवारी आलं.
आधी धूळ, मग कुणाच्या तरी मांडवाचं जांभळं कापड,
मग लाइट गेली.
अंधारात शेवगा दिसत नव्हता,
ऐकू येत होता.
वाकला, साखळी करकरली,
सुटला, आणि वजनं पाइपावर:
खट्.
खटक्. खट्.

माग गेल्यापासून हे झोपले नव्हते.
दोन वाजेपर्यंत उंबऱ्यात बसायचे.
घर एवढं गप्प, की घड्याळ अंगावर यायचं.
लोक म्हणायचे, आता निवांत.
निवांतपणा आमच्यात कुणी शिकलंच नव्हतं.

त्या रात्री पत्रे उडत होते गल्लीत,
कुत्री विव्हळत होती,
आणि हे उताणे पडून कान लावून:
खटक्. खट्.
"दोन नंबरचा हळू चालतोय,"
म्हणाले,
आणि कूस बदलून झोपले.
घोरायला लागले.
मी जागी राहिले. माग चालू असताना
एकानं तरी जागं राहावं लागतं.

सकाळी पपई कुबड्यांसकट लोटांगण घालून.
फणीनं काय विंचरलं देव जाणे, लिंबाला पान नव्हतं.
शेवगा उभा.
खाली फुलांचा सडा, तरी उभा,
पट्ट्याखाली साल थोडी काळवंडलेली.
म्हेत्रेबाई भिंतीवरनं डोकावल्या.
"जॉबर, एखादं वजन जादा हाय का?"
"झाड किती फुटाचं?" ह्यांनी विचारलं,
आणि अनवाणीच निघाले बघायला.

सोमवारी पोपट आला पोत्याचं विचारायला.
मी रिकामं पोतं झटकून दाखवलं.
तो शेवग्याकडं बघत राहिला,
मनातल्या मनात किलो लावत असणार.
त्याला म्हटलं, थांब,
आणि हाताला आल्या तेवढ्या शेंगा दिल्या,
न मोजता.